दंडसंहिता, मराठवाड्यातील
(नांदेड व लातूर जिल्हे). कोणते कृत्य गुन्हा ठरते आणि त्याबद्दल कोणती शिक्षा देता येते, हे निश्चित करणाऱ्या लिखित विधीस दंडसंहिता म्हणतात. नांदेड व लातूर हे मराठवाड्याच्या आग्नेय भागातील जिल्हे. पूर्वी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात मोडत असल्यामुळे येथील दंडविधीचा इतिहास पश्चिम महाराष्ट्र व विदर्भ यांच्याहून वेगळा आहे. ३१ मार्च १९५१ पर्यंत येथे संस्थानची दंडसंहिता, १ एप्रिल १९५१ ते ३० जून २०२४ ह्या काळात भारतीय दंड संहिता आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, असे तीन विधी क्रमाने अंमलात आले. संहिता बदलली की पूर्वी घडलेल्या कृत्यांचा निवाडा कोणत्या विधीने करावयाचा, हा प्रश्न दोन्ही वेळा उपस्थित झाला. आरोपीचे स्वातंत्र्य आणि पीडिताला मिळावयाचा न्याय ही दोन्ही त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : निजामी राजवटीत आरंभी फौजदारी न्याय मुख्यत्वे मुस्लिम विधीनुसार व स्थानिक रूढीनुसार चाले. पहिला सालारजंग हा १८५३ मध्ये दिवाण झाल्यानंतर राज्याची जिल्हावार विभागणी होऊन न्यायालयांची श्रेणीबद्ध रचना हळूहळू उभी राहिली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील संहितेच्या धर्तीवर संस्थानने स्वतःची दंडसंहिता केली; ती आसफिया किंवा हैदराबाद दंडसंहिता म्हणून ओळखली जाई. गुन्ह्यांच्या व्याख्या बहुतांशी ब्रिटिश संहितेसारख्या असल्या, तरी कलमांचे अनुक्रमांक वेगळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यायालयीन कामकाजात फार्सीची जागा उर्दूने घेतली. नांदेड, कंधार, औसा, उदगीर या भागांतील बहुसंख्य रयत मराठी बोलणारी होती. म्हणजे ज्या विधीने तिला शिक्षा होई, तो तिला वाचता येत नसे. शिवाय पायगा व मोठ्या जहागिरी यांच्या क्षेत्रांत पोलीस व न्याय यांची व्यवस्था निराळी असे. जहागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या, तेव्हा ही विभागणी संपली.

त्याच काळात शेजारच्या प्रदेशात भारतीय दंड संहिता लागू होती. १८३४ मध्ये नेमलेल्या पहिल्या विधी आयोगाने मेकॉलेच्या अध्यक्षतेखाली तिचा मसुदा तयार केला. तो १८३७ मध्ये सादर झाला. त्यावर दीर्घकाळ विचार होऊन ६ ऑक्टोबर १८६० रोजी संहिता संमत झाली व १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. पैनगंगेच्या दक्षिणेस हदगाव व उत्तरेस उमरखेड. पण नदी ओलांडताच दंडविधी बदलत असे. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेवरही हीच स्थिती होती.

१९५१ चे स्थित्यंतर : १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानची शरणागती झाली, तरी संस्थानचे विधी एकदम रद्द झाले नाहीत. संसदेच्या भाग ‘ख’ राज्ये (विधी) अधिनियमाने १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता व इतर केंद्रीय विधी हैदराबाद राज्यास लागू करण्यात आले. तत्पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी मात्र जुनी संहिताच लागू राहिली.

ह्या काळातील प्रसिद्ध खटला रझाकार संघटनेचा नेता कासिम रझवी याचा होय. रझवी हा लातूर येथे वकिली करीत असे. हैदराबादजवळील बीबीनगर येथे १० जानेवारी १९४८ रोजी झालेल्या दंगा व दरोडा यांबद्दल त्याच्यावर हैदराबाद दंडसंहितेखाली विशेष न्यायाधिकरणापुढे खटला चालविण्यात आला व त्यास सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. खटला चालू असतानाच २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अंमलात आले. त्यामुळे विशेष न्यायाधिकरणाची वेगळी कार्यपद्धती संविधानाने दिलेल्या समानतेच्या हक्काशी विसंगत आहे काय, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आरोपीस सामान्य खटल्यातील महत्त्वाचे संरक्षण मूलतः मिळाले होते, असे मानून न्यायालयाने १९५३ मध्ये बहुमताने शिक्षा कायम केली. अल्पमतातील न्यायाधीशांनी याहून वेगळा अभिप्राय नोंदविला. ज्याच्याविषयी लोकांत तीव्र संताप होता, अशा आरोपीलाही कृत्याच्या दिवशी अंमलात असलेला विधीच लावला गेला आणि कार्यपद्धतीची कसोटी संविधानावर घेतली गेली, हे ह्या खटल्याचे महत्त्व आहे.

राज्यपुनर्रचनेनंतर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे पूर्वी बीदर जिल्ह्यात असलेले तालुके ह्याच पुनर्रचनेत मराठवाड्यास जोडले गेले. लातूर हा स्वतंत्र जिल्हा उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून १९८२ मध्ये निर्माण झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे सुरू झाल्यामुळे ह्या भागातील पक्षकारांची मुंबईची फेरी टळली.

भारतीय न्याय संहिता : भारतीय दंड संहितेच्या जागी नवी संहिता आणणारे विधेयक ११ ऑगस्ट २०२३ रोजी लोकसभेत मांडण्यात आले. ते मागे घेऊन सुधारलेले विधेयक डिसेंबरमध्ये मांडले गेले व संमत झाले. २५ डिसेंबर २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. फौजदारी प्रक्रियेसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम असे आणखी दोन विधी तिच्यासोबत करण्यात आले. जुन्या संहितेत मूळची ५११ कलमे होती. नवीत २० प्रकरणे व ३५८ कलमे आहेत. कलमे कमी झाली, ती मुख्यत्वे विखुरलेल्या व्याख्या व पोटप्रकार एकत्र आणल्यामुळे. स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे पाचव्या प्रकरणात आणले असून त्यांच्यानंतर मानवी शरीराविरुद्धचे गुन्हे येतात. गुन्ह्यांच्या बहुसंख्य व्याख्या मात्र जुन्याच आहेत.

शिक्षांचे प्रकार : कलम ४ प्रमाणे मृत्युदंड, आजन्म कारावास, सश्रम अथवा साधा कारावास, मालमत्ता सरकारजमा करणे, द्रव्यदंड व सामुदायिक सेवा अशा सहा शिक्षा आहेत. सत्र न्यायालयाने दिलेला मृत्युदंड उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अंमलात येत नाही. अत्यंत विरळा प्रकरणातच तो द्यावा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात घालून दिले. आजन्म कारावास म्हणजे चौदा वर्षांची कैद, हा लोकांत रूढ असलेला समज बरोबर नाही. ही शिक्षा आरोपीच्या उर्वरित आयुष्यासाठी असते. शासन तीत सूट देऊ शकते. ज्या गुन्ह्यास मृत्युदंडही देता येतो, अशा गुन्ह्यात आजन्म कारावास झालेल्या कैद्याची सुटका चौदा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ आहे.

सामुदायिक सेवा ही शिक्षा नवी आहे. समाजाच्या उपयोगाचे काम विनामोबदला करण्याचा न्यायालयाचा आदेश, असे तिचे स्वरूप आहे. ती सहा गुन्ह्यांसाठी सांगितली आहे : लोकसेवकाने बेकायदेशीर रीत्या व्यापार करणे, उद्घोषणा होऊनही न्यायालयात हजर न होणे, लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येचा प्रयत्न करणे, किरकोळ चोरी, सार्वजनिक जागी मद्यधुंद अवस्थेत गैरवर्तन आणि अब्रूनुकसानी. पाच हजार रुपयांहून कमी किंमतीची चोरी करणारा प्रथमच दोषी ठरला असेल व त्याने मालमत्ता किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्यास कारावासाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. हे काम किती तास करावयाचे, हे संहितेत सांगितलेले नाही.

शरीराविरुद्धचे गुन्हे : गुन्ह्याची पायरी कृत्याच्या परिणामावर, तसेच करणाऱ्याच्या हेतूवर व जाणिवेवर ठरते. शेताच्या बांधावरून दोन शेजाऱ्यांत भांडण झाले, असे उदाहरण घेता येईल. एकाने दुसऱ्यास हाताने मारून वेदना दिल्या, तर ती दुखापत होय. तीस एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत द्रव्यदंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हाड मोडले, तर ती जबर दुखापत होते व कारावास सात वर्षांपर्यंत वाढतो. त्यासाठी कोयता किंवा कुऱ्हाड यांसारखे घातक हत्यार वापरले असल्यास किमान एक वर्षापासून दहा वर्षांपर्यंत किंवा आजन्म कारावास होऊ शकतो. माणूस मेला, तर प्रश्न अधिक बिकट होतो. ठार मारण्याचा हेतू असल्यास सामान्यतः तो खून होय (कलम १०१) व त्यास मृत्युदंड किंवा आजन्म कारावास आहे (कलम १०३). अचानक व गंभीर चिथावणीने आत्मसंयम गमावून, किंवा पूर्वयोजनेशिवाय ऐनवेळी पेटलेल्या मारामारीत क्रूरपणा न करता कृत्य घडले असल्यास तो खुनाची पातळी न गाठणारा सदोष मनुष्यवध ठरतो व शिक्षा उतरते. ह्या फरकामुळेच पंचनामा, वैद्यकीय अहवाल आणि साक्षीदारांचे पहिले जबाब यांना निर्णायक महत्त्व येते.

पाच किंवा अधिक व्यक्तींच्या गटाने वंश, जात, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा अशा कारणांवरून केलेला खून हा आता स्वतंत्रपणे सांगितलेला गुन्हा असून गटातील प्रत्येकास मृत्युदंड किंवा आजन्म कारावास व द्रव्यदंड होऊ शकतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू घडविण्याची शिक्षा दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढविली आहे; नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांपर्यंत आहे. अपघात करून, पोलीस वा दंडाधिकारी यांना न कळविता पळून जाणाऱ्या वाहनचालकास दहा वर्षांपर्यंत कारावास सांगणाऱ्या कलम १०६ (२) विरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालमोटारचालकांनी देशभर आंदोलन केले. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना हे उपकलम वगळण्यात आले.

स्त्रियांविरुद्धचे गुन्हे : बलात्कारास किमान दहा वर्षे ते आजन्म सश्रम कारावास आहे. अठरा वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कारास मृत्युदंड किंवा नैसर्गिक आयुष्याच्या अखेरपर्यंत कारावास होऊ शकतो. हुंडाबळीस किमान सात वर्षे ते आजन्म कारावास, तर पती किंवा त्याचे नातेवाईक यांनी केलेल्या क्रूरतेस तीन वर्षांपर्यंत कारावास, ह्या जुन्या तरतुदी कायम आहेत. पूर्ण करण्याचा हेतू नसताना विवाहाचे वचन देऊन किंवा इतर फसवणुकीने केलेला शरीरसंबंध हा कलम ६९ खाली वेगळा गुन्हा झाला आहे.

मालमत्तेविरुद्धचे गुन्हे : चोरीस तीन वर्षांपर्यंत, राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास आहे. गळ्यातील साखळी वा हातातील पिशवी हिसकावून नेणे हा पूर्वी चोरीचा किंवा जबरी चोरीचा भाग मानला जाई. आता त्यास कलम ३०४ मध्ये ‘हिसकावणी’ म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. जबरी चोरी पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केली, तर तो दरोडा होय व त्यास आजन्म किंवा दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आहे. बोलीभाषेत ‘चारशेवीस’ हा शब्द ज्या कलमावरून लबाडास चिकटला, ती ठकवणूक आता कलम ३१८ मध्ये आली आहे. बांध फोडणे, उभे पीक जाळणे ही कृत्ये ‘आगळीक’ ह्या सदरात मोडतात. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे कृत्य केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. दुष्काळी प्रदेशात ह्या जुन्या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे.

लोकसेवकाच्या आदेशाची अवज्ञा : मार्च २०१६ मध्ये तीव्र पाणीटंचाईमुळे लातूर येथे पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याची ठिकाणे यांभोवती पाचांहून अधिक लोकांनी जमू नये, असा आदेश जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली काढला. पुढील महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. घागर घेऊन रांगेत उभे राहणे हा गुन्हा नव्हे. परंतु असा आदेश मोडणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली गुन्हा होता. त्यास एक महिन्यापर्यंत आणि मानवी जीवितास धोका उद्भवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होता. नव्या संहितेच्या कलम २२३ मध्ये ह्या मर्यादा अनुक्रमे सहा महिने व एक वर्ष अशा वाढविल्या आहेत. टंचाईच्या काळात साधा नागरिक फौजदारी विधीच्या किती जवळ येऊन ठेपतो, हे ह्या उदाहरणावरून दिसते.

नवे व वगळलेले गुन्हे : संघटित गुन्हेगारी (कलम १११) व दहशतवादी कृत्य (कलम ११३) हे गुन्हे सर्वसाधारण संहितेत प्रथमच आले. महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्ध १९९९ पासून स्वतंत्र अधिनियम आहे. राजद्रोहाचे कलम १२४ अ नव्या संहितेत नाही. मात्र भारताचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता धोक्यात आणणारी कृत्ये कलम १५२ खाली दंडनीय आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अवैध ठरविलेले व्यभिचाराचे कलम गेले. ठगांविषयीची कलमेही गळाली. कलम ३७७ पूर्णतः वगळल्यामुळे प्रौढ पुरुष व तृतीयपंथी यांच्यावरील लैंगिक अत्याचारास संहितेत स्वतंत्र कलम उरले नाही, अशी टीका झाली आहे.

आत्महत्येचा प्रयत्न हा सर्वसाधारण गुन्हा म्हणून आता राहिलेला नाही. नापिकी व कर्ज यांमुळे शेतकऱ्यांच्या आत्महत्या ज्या प्रदेशात घडतात, तेथे ह्या बदलाचा अर्थ मोठा आहे : वाचलेल्या माणसाला उपचार मिळावयाचे असतात, त्याच्यावर खटला भरावयाचा नसतो. आत्महत्येस अपप्रेरणा देणे मात्र दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र आहे. अवैध सावकारीविरुद्ध महाराष्ट्राचा २०१४ चा अधिनियम वेगळा आहे. त्याचप्रमाणे अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचार (१९८९), नरबळी व जादूटोणा (२०१३) आणि सामाजिक बहिष्कार (२०१६) यांविषयीचे विशेष अधिनियम संहितेसोबतच लागू आहेत. जन्मावरून माणसास गुन्हेगार मानणारा गुन्हेगार जमातींविषयीचा विधी १९५२ मध्ये रद्द झाला. पारधी, कैकाडी इ. समाजांच्या माथी त्याने मारलेला शिक्का मात्र त्यानंतरही दीर्घकाळ पुसला गेला नाही.

संक्रमणाचे नियम : नव्या संहितेच्या कलम ३५८ ने भारतीय दंड संहिता निरसित केली, परंतु तिच्या अंमलात घडलेल्या गुन्ह्यांचे दायित्व व शिक्षा राखून ठेवल्या. ३० जून २०२४ रोजी नांदेडात घडलेल्या चोरीची फिर्याद जुलैत दाखल झाली, तरी गुन्हा जुन्या संहितेखालीच नोंदवावा लागतो. तपासाची कार्यपद्धती मात्र नवी असू शकते. संविधानाच्या अनुच्छेद २० (१) प्रमाणे कृत्याच्या वेळी जे गुन्हा नव्हते त्याबद्दल कोणास दोषी ठरविता येत नाही आणि त्या वेळच्या मर्यादेहून अधिक शिक्षा देता येत नाही. शिक्षा सौम्य करणाऱ्या नंतरच्या विधीचा लाभ आरोपीस देण्यास हा अनुच्छेद आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये रतनलाल खटल्यात म्हटले आहे. ह्या नियमांमुळे अनेक वर्षे एकाच न्यायालयात जुन्या व नव्या संहितेखालील खटले शेजारी शेजारी चालणार आहेत. एकाच गुन्ह्याचे दोन कलमांक न्यायाधीश, वकील व ठाणे अंमलदार यांना ध्यानात ठेवावे लागतात.

विधीचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही. चूक वस्तुस्थितीविषयी असेल, तरच कलम १४ चे संरक्षण मिळते. म्हणूनच विधी लोकांना समजणाऱ्या भाषेत उपलब्ध असणे ही न्यायाची पूर्वअट ठरते. मराठवाड्यातील रयतेला पहिली संहिता उर्दूत व दुसरी इंग्रजीत भेटली. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून मराठीचा अवलंब करण्याविषयीची अधिसूचना १९९८ मध्ये निघाली. नव्या संहितेचे नाव भारतीय भाषेतील असले, तरी ती संमत झाली ती प्रामुख्याने इंग्रजी पाठाच्या आधारे. देगलूरच्या किंवा औशाच्या पोलीस ठाण्यात फिर्याद सांगणाऱ्या स्त्रीला आपली तक्रार कोणत्या कलमाखाली लिहिली गेली, हे स्वतः वाचून समजावे, ही अपेक्षा मराठी पाठ व मराठी निकालपत्रे यांच्या प्रसारानेच पुरी होऊ शकेल.